मागचा मुक्काम

लोक विचारतात, बाई, एवढं चालायचं वेड तुम्हाला लागलं कुठून? सातपुडा मी आडवा-उभा तुडवला आहे. पाठीवर पिशवी, हातात काठी, बरोबर कुणी असलं तर ठीक, नसलं तर त्याहून ठीक. विचारणाऱ्याला वाटतं, आता ही झाडं, पाखरं, मोकळी हवा असं काहीतरी गोडगोड सांगेल. मी सांगते, आमच्या घरी मार फार होता. मग तो चहाचं विचारतो.

माझा बाप नागपुरात आरामशीनीवर होता. सागाचे ओंडके आरीखाली सरकवायचे आणि फळ्या पाडायच्या, हे त्याचं काम. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवयांवर भुसा असायचा आणि कानात अजून आरी चालू असायची, म्हणून तो घरातही ओरडूनच बोलायचा. आरीचं चाक फिरवणारा चामड्याचा पट्टा जुना झाला की मालक फेकून द्यायचा. त्यातला हातभर लांबीचा एक तुकडा बापानं घरी आणून दाराजवळच्या खिळ्याला, कॅलेंडरच्या शेजारी अडकवला होता. त्याच्या एका टोकाला पट्टा जोडायच्या लोखंडी कड्या तशाच राहिल्या होत्या.

तो पट्टा माझ्या मायसाठी होता. माझ्यासाठी नुसता हात पुरायचा. भाजी खारट झाली म्हणून पट्टा निघायचा. भाजी चांगली झाली तर ती शेजारणीशी हसून काहून बोलत होती म्हणून निघायचा. एकदा तिच्या डाव्या कानातून रक्त आलं आणि पदरानं पुसून तिनं पोळ्या पुऱ्या केल्या. त्या दिवसापासून तिला डावीकडून हाक मारण्यात अर्थ राहिला नाही. मी कायम तिच्या उजव्या बाजूला राहायला शिकले, चालताना, बसताना, झोपताना.

आमची घरं भिंतीला भिंत लावून होती. पट्टा वाजायला लागला की शेजारचा रेडिओ मोठा व्हायचा. त्या शेजारणीचा मला भयंकर राग यायचा. दुसऱ्या दिवशी तीच मायला हळद आणून द्यायची, आणि वर म्हणायची, "नवरा-बायकोचं आहे वं माय, आपण काय बोलाव?" सगळी आळी हेच म्हणायची.

मी चौथीत होते तेव्हा आरीनं बापाच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली. जखम चिघळली. हात मनगटापासून काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. आईशप्पथ सांगते, मला आनंद झाला होता. पण बापानं महादेवाला नवस केला की हात राहू दे, लागोपाठ तीन वर्षं जोडीनं, पायी, पचमढीच्या चौरागडावर येतो. हात राहिला. शिवरात्रीच्या आधी आळीतला जथा निघायचा, त्यात आमचं नाव लागलं. मला घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून मीही निघाले. माझ्या आयुष्यातली पहिली मोठी चाल ही अशी, बापाच्या तुटलेल्या बोटांमुळे मिळाली.

आमच्या जथ्याचा म्होरक्या म्हणजे रेल्वेत रूळ बदलायचं काम करून रिटायर झालेला एक सांधेवाला. काटकुळा, कमी बोलणारा, आणि नियमाला पक्का. हातात काठी घेतली की त्या घडीपासून सगळे 'भगत'. नवरा नाही, बायको नाही, मालक नाही, नोकर नाही. नावानं हाक मारायची नाही, शिवी द्यायची नाही, हात उचलायचा नाही. जो उचलेल त्यानं तिथून मागे फिरायचं, मागच्या मुक्कामापर्यंत जायचं, आणि ती वाट पुन्हा चालून यायचं. जथा त्याच्यासाठी थांबणार नाही. आणि हे भगतपण गडावर त्रिशूळ वाहून संपत नाही. घरी परत आल्यावर जोडप्यानं आपल्या हातानं रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, वळायचे, गोवऱ्यांच्या आगीत भाजायचे, जथ्याला जेवू घालायचे. जथ्याच्या पोटात रोडगे गेले की यात्रा संपली.

पहिल्या सकाळी सावनेरच्या रस्त्यावर बाप मागे वळून मायला म्हणाला, "भगत, पिशवी जड होते काय? आणा इकडं." मायनं इकडंतिकडं पाहिलं. तिला वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणतो आहे. हाक डावीकडून आली म्हणून तिला ऐकू आलं नसेल, असं समजून मीच तिला सांगितलं. मग ती जी हसली, ते मी जन्मात विसरणार नाही. तिचं हसणं इतकं मोठं असेल हे मला माहीतच नव्हतं.

सावनेर, सौंसर, रामाकोना. पळस पेटले होते. दुपारी डांबर पायाला चटके द्यायचं, म्हणून आम्ही कडेच्या मातीतून चालायचो. बापानंच मला चालायला शिकवलं, हे मान्य करावं लागतं. चढावर बसायचं नाही, उभं राहून दम घ्यायचा. तहान लागली तरी पोटभर पाणी प्यायचं नाही. फोड आला तर फोडायचा नाही, सुईत दोरा घालून तो दोरा फोडातून ओवून तसाच ठेवायचा. आपल्या तीन बोटांच्या हातानं माझा पाय मांडीवर धरून तो काटा काढायचा, आणि काढताना गुणगुणायचा. ज्या हाताची मी घरी चाहूल घेत असायची, तोच हात. मला तो बाप फार आवडायचा. आणि हा माणूस घरी का येत नाही, म्हणून त्याचा रागही यायचा.

सिल्लेवानीचा घाट चढताना पहिला प्रसंग झाला. वर पोचल्यावर मायच्या हातून तेलाची बाटली दगडावर पडली. ती फुटायच्या आधीच बापाचा हात निघाला. थोबाडीत अशी बसली की माय बसल्या जागी कलंडली आणि दातानं ओठ फाटला. घरी असतो तर ही सुरुवात होती. पण म्होरक्या उठला, त्यानं बापाची काठी त्याच्या हातात दिली आणि घाटाकडं बोट केलं.

"मागचा मुक्काम, भगत."

"चुकून झालं गा," बाप म्हणाला.

"चुकून गेलं तरी तेवढंच चालावं लागते."

बाप कुणाला भ्यायचा नाही. पोलिसाला नाही, मालकाला नाही. तो एकाच गोष्टीला भ्यायचा, आरीच्या पात्याला. रोज त्याच पात्याखाली त्याला उरलेली बोटं घालायची होती. नवस मोडला तर पातं हिशेब करेल, हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. तो शिव्या गिळत घाट उतरला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला छिंदवाड्याच्या अलीकडं त्यानं आम्हाला गाठलं तेव्हा टाचा फुटून चपला रक्तानं चिकट झाल्या होत्या. माय गरम पाणी घेऊन गेली. मी नसते गेले.

नियम जथ्यापुरताच होता, हेही सांगितलं पाहिजे. तामियाचा डोंगर उतरून पुढे एका विहिरीवर दुसऱ्या जथ्याशी पाण्यावरून जुंपली. तिथं बापानं इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं बाहेर काढलं. काठीच्या दोन फटक्यांत एका माणसाचं खांद्याचं हाड मोडलं. तो माणूस चिखलात पडून बैलासारखा ओरडत होता आणि बाप त्याच्यावर उभा राहून तिसरा फटका कुठं मारावा ते बघत होता. आमच्या जथ्यातले चौघे त्याला ओढून घेऊन आले. म्होरक्यानं त्याला मागे पाठवलं नाही. रात्री जेवताना सगळे बापाचं कौतुक करत होते. तो फटका कुणाच्या वाट्याचा होता ते मला माहीत होतं, मायलाही माहीत होतं.

तरीही ते दिवस माझे सगळ्यात सुखाचे. सकाळी धुक्यातून एकामागे एक डोंगर वर यायचे आणि त्यातला कोणता आज आपला, ते विचारायचं. माय झोपेत दचकायची नाही. घरी कडी वाजली तरी तिचे खांदे वर जायचे, इथं ती काठी टेकत सगळ्यांच्या पुढे चालायची, गाणी म्हणायची, त्यात सूर कमी आणि आवाज जास्त. चौरागडाच्या पायऱ्या चढताना सगळे हर हर महादेव करत होते आणि मी मनातल्या मनात देवाला सांगत होते की वाट संपवू नको. देवाला ते काही ऐकू गेलं नाही.

पायीच परत आलो. शेवटचा मुक्काम पुन्हा सावनेर, मग नागपूर. मायनं दुसऱ्याच दिवशी हौसेनं रोडगे घातले. वांग्याची भाजी, वरण, तुपात बुडवलेले रोडगे. जथा जेवला, ढेकर देत उठला. शेवटचा माणूस दाराबाहेर पडला आणि बापानं आतून कडी लावली. पट्टा खिळ्यावरून काढताना तो म्हणाला, "लय हसत होती वाटेनं."

तेलाच्या बाटलीचे वेगळे, घाट दोनदा चढायला लागला त्याचे वेगळे, हसण्याचे वेगळे. मी मध्ये गेले तर मला भिंतीवर फेकलं. शेजारी रेडिओ मोठा झाला. तासाभरापूर्वी ती शेजारीण आमच्याच अंगणात बसून मायच्या रोडग्यांची तारीफ करत होती, वाटेत मायबरोबर एका ताटात जेवली होती. माय पंधरा-वीस दिवस पालथी झोपत होती. त्या दिवसांत ती काय विचार करत होती, ते वर्षभर कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या वर्षीही गेलो. आलो. दुसरा दिवस गेला, रोडग्यांचं नाव नाही. बापानं विचारलं. माय म्हणाली, "गहू निवडाचे आहेत, भगत." आठवड्यानं गोवऱ्या ओल्या निघाल्या. मग जथ्यातली एक बाई माहेरी गेली होती, ती नसताना कसं करायचं? मग अमावस्या आली. मग अधिक काही कारण द्यायचंही तिनं सोडलं. काठी तिनं दाराशी, पट्ट्याच्या खिळ्याखाली उभी करून ठेवली होती.

बाप दातओठ खात म्हणायचा, "भगत, पाणी द्या." माय द्यायची. पाणी पिऊन तो लोटा भिंतीवर आपटायचा. घरातलं एक भांडं सरळ राहिलं नाही. दाराची फळी त्यानं लाथेनं फोडली आणि स्वतःच नवीन बसवली. एकदा पट्टा काढून त्यानं गादीला इतकं झोडपलं की घरभर कापूस उडाला, आणि त्या कापसात उभा राहून तो मायकडं बघत होता. माय तांदूळ निवडत होती. निवडून झालेलेच तांदूळ ती पुन्हा निवडत राहिली. मी तिच्या उजव्या बाजूला बसले होते, आणि मला पक्कं वाटत होतं की रोडगे झाले त्या दिवशी हा हिला जिवंत ठेवणार नाही.

शेवटी त्यानंच केलं. एका रविवारी पीठ आणलं, गोवऱ्या आणल्या, अंगणात आग घातली, आणि आठ बोटांनी कणीक मळून रोडगे वळले. ओबडधोबड, पण वळले. मग स्वतः घरोघर जाऊन जथा गोळा केला. पंगत बसली. भाजीही झाली होती. राखेतून रोडगे काढायला बाप वाकला तेव्हा म्होरक्यानं मायला विचारलं, "भगत, वाढाचे ना?"

माय दारात उभी होती. म्हणाली, "तुम्ही जेवा न बाबा. पण मी अजून घरी पोचलीच नाही."

"मंग कुठी आहेस?"

"वाटेतच आहो."

कुणीतरी हसलं. बाप हसला नाही. तो तीन ढांगांत दाराशी गेला, पट्टा ओढला आणि सगळ्या पंगतीदेखत हाणला. कड्यांचं टोक तिच्या कपाळावर बसलं. रक्ताची चिळकांडी उडून दारावरच्या नव्या फळीवर गेली. दुसरा बसला तो हातावर, कारण तिनं हात वर केला होता. तिसऱ्यासाठी पट्टा वर गेला आणि तिथंच राहिला. रेडिओवाल्या शेजारणीनं तो मागून धरला होता. पत्रावळीवरून ती कधी उठली ते मी पाहिलं नाही. तिच्यामागे सगळी पंगत उभी होती.

"सोड वं," बाप म्हणाला. "माह्या बायकोले मारून राहिलो मी."

"बायकोले नाही," ती म्हणाली. "भगताले मारून राहिले तुम्ही."

मला त्या वयातही हे विचित्र वाटलं होतं आणि आजही वाटतं. त्याच बाईनं, त्याच माणसांनी, त्याच मायचा मार वर्षानुवर्षं भिंतीपलीकडून ऐकला होता. ती बायको होती तोवर कुणाची नव्हती. ती भगत झाली तेव्हा सगळ्यांची झाली. मला अजूनही त्यांच्यावर राग आहे, आणि त्या हातासाठी त्या शेजारणीचे पाय धरावेसेही वाटतात. दोन्ही एकदमच वाटतं, मी काय करू?

म्होरक्यानं काठी बापाच्या हातात दिली. "सावनेर, भगत."

"घरात उभा आहो मी माह्या!"

"जोडीतला एक पोचला नाही, तं दुसरा कसा पोचन?"

बापानं सगळ्यांकडं पाहिलं. मग आपल्या डाव्या हाताकडं पाहिलं. मग तो निघाला, पायात चपलाही घालायचं विसरला. रोडगे कुणी काढलेच नाहीत. ते आगीत जळून कोळसा होईपर्यंत अंगणात धूर होता, आणि शेजारीण मायच्या कपाळावर हळद दाबून बसली होती.

तो दोन दिवसांनी आला. त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. त्याचा हात पुढेही उठला. पण उठला की माय ओरडायची नाही, दार उघडून फक्त "सावनेर" म्हणायची, आणि भिंतीपलीकडं रेडिओ बंद व्हायचा. एकदा त्यानं चलाखी केली, अर्ध्यातून एस. टी. पकडून परत आला. जथ्यातल्याच एकानं त्याला स्टँडवर उतरताना पाहिलं. म्होरक्यानं त्याला तसाच परत पाठवला, तोही मे महिन्यात. हळूहळू हात अर्ध्यावर थांबायला लागला. तिसऱ्या वर्षीही गेलो, पण दुसरी यात्रा संपलीच नव्हती, म्हणून तिसरी तिलाच जोडून झाली. आमच्या घरी रोडगे कधी झालेच नाहीत. तो तिला भगतच म्हणत राहिला. आधी दात खाऊन म्हणायचा, नंतर सवयीनं. शेवटी-शेवटी तिला ताप आला की उशाशी बसून, "भगत, पाणी देऊ?" असं विचारायचा. माय पाणी घ्यायची. तिनं त्याला माफ केलं होतं का, ते मी विचारलं नाही.

पट्टा मायनं खिळ्यावरून काढून मोच्याकडं नेला. त्याच्या कड्या काढून, चामडं कापून त्यानं तिच्या आणि माझ्या चपलांना तळ लावून दिले. आरीचं चामडं, झिजता झिजेना. त्या चपला घालून मी शाळेच्या सहलीला गेले, रामटेकचा गड चढले, कॉलेजच्या पोरींना घेऊन पहिल्यांदा स्वतः पचमढीपर्यंत चालत गेले. पायाखाली तो पट्टा असायचा आणि प्रत्येक पावलाला मी त्याच्यावर उभी राहायची. चालण्याचं सुख कशाला म्हणतात ते मला तिथून ठाऊक आहे.

माय गेली तेव्हा ऐंशी साल उलटून गेलं होतं. न्यूमोनिया झाला, चार दिवसांत संपली. तेराव्याच्या सकाळी मी सासरहून आलेली, न्हाणीतून बाहेर आले तर बाप अंगणात परात घेऊन बसला होता. केस पांढरे, पाठीला पोक, आठ बोटं कणकेत. बाजूला गोवऱ्या रचल्या होत्या.

"हे काय, बाबा?"

"रोडगे," तो म्हणाला. माझ्याकडं न बघता. "आता तं पोचली न ती. संपवून टाकू. तुह्या हातानं जथ्याले वाढ."

माझ्या डोक्यात काय गेलं ते मला सांगता येणार नाही. त्याचं म्हणणं कदाचित साधं होतं. थकला होता बिचारा, सुटायचं होतं त्याला. पण मला कडी लावल्याचा आवाज आला, वीस वर्षांपूर्वीचा. मी परात उचलली आणि सगळी कणीक मातीत उपडी केली. वरून पाय दिला.

तो उठला. वयाच्या मानानं फार चपळाईनं उठला. हात वर गेला, उजवा, सगळ्या बोटांचा. डोळे अगदी तसेच झाले होते. मी हलले नाही. मारलं असतं तर त्या दिवशी मी त्याला उलटून मारलं असतं, काठी हाताजवळच होती.

हात तसाच वर राहिला. मग त्यानं तो खाली घेतला, धोतराला कणीक पुसली, दाराशी गेला आणि मायची काठी उचलली. स्वतःची नाही, तिची. अंगणाबाहेर पडून तो सावनेरच्या रस्त्याकडं वळला. त्याला कुणीही जा म्हटलं नव्हतं. म्होरक्या तर केव्हाच मरून गेला होता.

मी त्याला हाक मारली नाही. कोपऱ्यापर्यंत त्याची पाठ दिसत होती. मग मी पायात चपला सरकवल्या आणि निघाले. फार जवळ गेले नाही. त्याच्या मागे, रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालत राहिले, सावनेरपर्यंत.